परगावचा विद्यार्थी: सालामांकातील खोली, ताट आणि घड्याळ

स्पेनच्या पश्चिम भागात, तोर्मेस नदीच्या काठी वसलेले सालामांका हे शहर लोकसंख्येने कोल्हापूरपेक्षा कितीतरी लहान आहे. तरीही स्पॅनिश भाषा शिकू पाहणाऱ्या जगभरातील विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचे नाव पहिल्या काहींत असते. लिओनचा राजा आल्फोन्सो नववा याने १२१८ मध्ये येथे विद्यापीठ स्थापन केले, १२५४ मध्ये आल्फोन्सो दहाव्याने त्याला नियमांची सनद दिली आणि २०१८ मध्ये या विद्यापीठाने आपली आठशे वर्षे साजरी केली. स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण १४९२ मध्ये सिद्ध करणारे आन्तोनियो दे नेब्रिखा यांनी याच विद्यापीठात अध्यापन केले होते आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे भाषावर्ग येथे १९२९ पासून चालत आले आहेत.

परदेशी शिक्षणाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याचा भर साधारणपणे प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती आणि नोकरीच्या संधी यांवर असतो. विद्यार्थ्याचा तिथला साधा दिवस कसा जातो, म्हणजे तो झोपतो कोठे, जेवतो कोणाबरोबर, कचेरीत कोणता कागद भरतो आणि मंडईत आपला नंबर कसा लावतो, हा भाग त्यात बहुधा येत नाही. वास्तविक परगावी गेलेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा मोठा वाटा याच गोष्टींत असतो आणि एखादे शहर विद्येचे माहेरघर ठरते ते तेथील ग्रंथालयांइतकेच, बाहेरून आलेल्या मुलाच्या खोलीची आणि ताटाची सोय त्या शहराने कशी लावली यावरून. वसतिगृहांची जननी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूरच्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मात्र सालामांकाचा इतिहास कोल्हापूरच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिला, तर दोन्ही शहरांविषयी काही नव्याने उमगते.

सोपिस्ता, माधुकरी आणि वार

मध्ययुगीन सालामांकात शिकायला येणाऱ्या मुलांत जसे सरदारपुत्र होते तसेच पोटाची भ्रांत असलेलेही होते. या गरीब विद्यार्थ्यांना ‘सोपिस्ता’ म्हणत, कारण मठांच्या दारी किंवा खानावळींत गाणी म्हणून, वाद्ये वाजवून ते वाटीभर ‘सोपा’, म्हणजे सूप, मिळवत असत. मिळेल तेथे जेवता यावे म्हणून ते लाकडी चमचा आणि काटा जवळ बाळगत. आज स्पेनमधील विद्यापीठांत काळा अंगरखा आणि रंगीत फिती लावलेला झगा घालून, गिटार आणि खंजिरीच्या साथीने गाणारी विद्यार्थ्यांची जी पथके दिसतात आणि ज्यांना ‘तूना’ म्हणतात, ती आपली परंपरा या सोपिस्तांपर्यंत नेऊन पोहोचवतात. लाकडी चमचा आणि काटा हेच त्यांचे चिन्ह आहे.

मराठी वाचकाला येथे माधुकरी आणि वार या दोन चालींची आठवण होणे स्वाभाविक आहे. माधुकरी म्हणजे विद्यार्थ्याने घरोघरी जाऊन शिजवलेले अन्न मागून आणणे, आणि वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवून रोज एकाकडे जेवणे. पुण्यात आणि अन्यत्र कित्येक नामवंतांचे विद्यार्थिजीवन या दोन सोयींवर निभावले. परंतु सोवळ्याओवळ्याच्या बंधनांमुळे या सोयी बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरत्या राहिल्या. शेतकऱ्याच्या, धनगराच्या किंवा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाला बुद्धी असली तरी शहरात पंक्ती मिळत नव्हती, आणि पंक्ती नसेल तेथे पाठशाळेचे दार उघडे असून उपयोग नव्हता.

गरिबांसाठी बांधलेली घरे

या अडचणीवर दोन्ही शहरांनी काढलेला उपाय एकच होता: राहण्याजेवण्याची कायमची व्यवस्था. सालामांकात दिएगो दे आनाया या धर्माधिकाऱ्याने १४०१ मध्ये सान बार्तोलोमे हे विद्यार्थिगृह स्थापले. होतकरू पण निर्धन विद्यार्थ्यांना निवास, अन्न आणि अभ्यासाची शिस्त देणाऱ्या अशा संस्थेला पुढे ‘कोलेखिओ मायोर’, म्हणजे थोरले विद्यार्थिगृह, म्हटले जाऊ लागले. कास्तीलमध्ये अशी सहा गृहे नावारूपाला आली, त्यांपैकी चार एकट्या सालामांकात होती. मात्र काळाच्या ओघात या गृहांत प्रवेश मिळवण्यासाठी ‘रक्तशुद्धी’चे, म्हणजे पूर्वजांत कोणी यहुदी किंवा मुसलमान नसल्याचे, दाखले मागितले जाऊ लागले आणि गरिबांसाठी राखलेल्या जागा वजनदार घराण्यांच्या मुलांनी व्यापल्या. तेथून बाहेर पडणाऱ्यांना राज्यकारभारात आणि चर्चमध्ये मोठी पदे मिळत, त्यामुळे बाहेर खोली करून राहणारे सामान्य विद्यार्थी आणि विद्यार्थिगृहवासी यांच्यात दीर्घकाळ तेढ राहिली. अखेर राजा कार्लोस तिसरा याने १७७१ मध्ये सुधारणा हाती घेतल्या आणि १७९८ मध्ये जुनी गृहे बंद झाली. सान बार्तोलोमेच्या जुन्या वास्तूत, जी आता आनाया प्रासाद म्हणून ओळखली जाते, आज भाषाशास्त्र आणि साहित्याचे वर्ग भरतात, आणि त्याच नावाचे एक नवे वसतिगृह विद्यापीठ चालवते.

कोल्हापुरातही पहिला प्रयत्न असाच वेगळ्या वळणाने गेला. छत्रपती शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. परंतु अल्पावधीतच त्याचा लाभ प्रामुख्याने एकाच वर्गाला होत असल्याचे दिसून आले. हा अनुभव ध्यानात घेऊन महाराजांनी समाजवार वसतिगृहांना जागा, इमारती आणि उत्पन्ने देण्याचे धोरण स्वीकारले. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले, आणि पुढील काळात लिंगायत, मुस्लिम, नामदेव शिंपी, दैवज्ञ अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. बुद्धिमान मुलगा मागे राहतो तो बहुधा शहरात डोके टेकायला जागा नसल्यामुळे, ही जाण या धोरणाच्या मुळाशी होती. जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणि एका पंक्तीत आणणारे वसतिगृह काढले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. कोल्हापुरात वेगवेगळ्या चुलींनी सुरू झालेला प्रवास असा एका चुलीपर्यंत पोहोचला.

नाव, पत्ता आणि नोंदणी

आज सालामांकात येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला सूप मागावे लागत नाही, पण पहिले काही आठवडे त्याला कागदपत्रांच्या मागे धावावे लागते. सहा महिन्यांहून अधिक मुक्काम असणाऱ्या विद्यार्थ्याने स्पेनमध्ये आल्यापासून एका महिन्याच्या आत पोलीस खात्याच्या परदेशी नागरिक कक्षाकडे ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. तेथे बोटांचे ठसे घेतले जातात, आणि त्यासाठीची भेटीची वेळ ऑनलाइन आधी ठरवावी लागते. ही वेळ मिळवणे हेच कित्येकदा सर्वांत जिकिरीचे काम होऊन बसते. त्याआधी किंवा त्याबरोबरच महापालिकेत आपला पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला ‘एम्पाद्रोनामिएंतो’ म्हणतात, आणि ती करताना भाडेकरार किंवा घरमालकाची संमती दाखवावी लागत असल्याने, कराराशिवाय तोंडी बोलीवर खोली घेणाऱ्या विद्यार्थ्याची पहिल्याच पायरीवर पंचाईत होते.

मराठी विद्यार्थ्याची खरी गोची होते ती नावाच्या रकान्यात. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, रूढ क्रमानुसार पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे, आणि लग्नानंतरही स्त्री आपली आडनावे बदलत नाही. साहजिकच प्रत्येक अर्जावर पहिले आणि दुसरे आडनाव असे दोन रकाने असतात. महाराष्ट्रातील रूढ पूर्ण नावात मात्र स्वतःचे नाव, त्यापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मग आडनाव अशी मांडणी असते. त्यामुळे समोरचा कारकून मधले नाव पहिले आडनाव म्हणून लिहितो आणि खरे आडनाव दुसऱ्या रकान्यात जाऊन पडते. बँकेत एक नाव, विद्यापीठात दुसरे आणि ओळखपत्रावर तिसरे असा घोळ झाला की तो निस्तरण्यात महिने जातात. पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत पासपोर्टवरील क्रम आणि स्पेलिंग तंतोतंत तेच ठेवणे आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना मोकळा ठेवणे, एवढी दक्षता घेतली तर हा त्रास टळतो.

राहण्यासाठी बहुतेक विद्यार्थी चारपाच जणांनी मिळून घेतलेल्या सदनिकेत एक खोली घेतात. इमारतीच्या दारावरील घंटीच्या बटणापाशी सहसा रहिवाशांची नावे नसतात, मजल्याचा आकडा आणि डावे किंवा उजवे दार एवढेच असते. जुन्या घरांत अजूनही साडेबारा किलो ब्युटेन वायूची नारिंगी टाकी वापरतात, आणि ती आणून देणाऱ्या माणसाची चाहूल लागताच जिन्यात गडबड उडते. सिलिंडरच्या नंबरासाठी थांबण्याची सवय असलेल्या घरातून आलेल्या मुलाला हे चित्र परके वाटत नाही.

उशिरा चालणारे घड्याळ

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन ते साडेतीनच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊ ते दहाच्या दरम्यान होते, याचे नवख्याला नवल वाटते. याचे एक कारण घड्याळातच आहे. भौगोलिकदृष्ट्या स्पेन ग्रीनिचच्या रेषेच्या आसपास असूनही १९४० मध्ये हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीने देशाची घड्याळे एक तास पुढे करून मध्य युरोपच्या वेळेशी जुळवली, आणि ती पुन्हा मागे घेतली गेली नाहीत. परिणामी सालामांकात सूर्य डोक्यावर येतो तो हिवाळ्यात दुपारी सुमारे एक वाजून वीस मिनिटांनी, आणि उन्हाळ्यात घड्याळे आणखी एक तास पुढे केल्यामुळे सुमारे दोन वाजून वीस मिनिटांनी. कोल्हापुरात हीच वेळ साधारण साडेबाराची असते. जून महिन्यात सालामांकात सूर्य मावळतो तेव्हा रात्रीचे दहा वाजायला आलेले असतात. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पाहिले तर तेथील माणूस फारसा उशिरा जेवत नाही.

या वेळापत्रकाचे परिणाम विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात जाणवतात. लहान दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात ती पाचच्या आसपास उघडतात, रविवारी बाजार सुना असतो, आणि संध्याकाळी सात वाजता जेवायला गेलेल्याला उपाहारगृहाचे स्वयंपाकघर बंद सापडते. भारताशी वेळेचा फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा असल्याने, हिवाळ्यात सालामांकातील साडेतीनचे दुपारचे जेवण आणि कोल्हापुरातील आठ वाजताचे रात्रीचे जेवण एकाच घटकेला येतात. घरी फोन लावायला ही वेळ सर्वांत सोयीची ठरते.

ताटात काय पडते

दुपारी उपाहारगृहांत ठरलेल्या किमतीत मिळणाऱ्या थाळीला ‘मेनू देल दीया’ म्हणतात. तिच्यात पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा फळ असा क्रम असतो, आणि १९६० च्या दशकात पर्यटनाला उत्तेजन देण्यासाठी सरकारने लावून दिलेल्या पर्यटक थाळीतून ती रूढ झाली. जेवण संपल्यावरही टेबलावरून न उठता गप्पा मारत बसण्याच्या रीतीला ‘सोब्रेमेसा’ असे नाव आहे, आणि घाईने ताट सारून उठणे तेथे रूक्षपणाचे मानले जाते. ज्याला भाषा शिकायची आहे त्याने ही बैठक कधीही चुकवू नये, कारण वर्गात न सापडणारे शब्द तेथे सहज कानावर पडतात.

शाकाहारी विद्यार्थ्याने मात्र सावध असावे. ‘मांस नको’ एवढे सांगितल्याने काम भागत नाही, कारण मांस या शब्दात हॅम किंवा मासे येतात असे वाढणाऱ्याला वाटतेच असे नाही. ‘भाज्यांचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सँडविचमध्ये टूना मासा आणि उकडलेले अंडे असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि मसुरीच्या रश्शातही चोरीसो, म्हणजे लाल मसाल्याचे डुकराचे सॉसेज, शिजवलेले असते. काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगणे हाच उपाय आहे.

स्वतः रांधणाऱ्याला मात्र सालामांका हात आखडता घेत नाही. शहराच्या उत्तरेकडील ला आर्मुन्या या पट्ट्यातील मोठ्या दाण्याची, फिकट हिरवी मसूर स्पेनभर नावाजलेली आहे, आणि तिची आमटी उत्तम होते. दक्षिणेकडे एक्स्त्रेमादुरा प्रांतातील ला बेरा खोऱ्यात पिकलेल्या मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर दहापंधरा दिवस वाळवतात, त्या हाताने खालीवर करत राहतात आणि मग दळून ‘पिमेंतोन’ ही पूड तयार करतात. ती गोड, मध्यम आणि तिखट अशा तीन प्रकारांत मिळते. रंग तांबड्या रश्शाला शोभणारा असला तरी कोल्हापुरी जिभेला तिचा तिखट प्रकारही सौम्यच लागतो, त्यामुळे घरून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्याचा डबा विद्यार्थी जपून वापरतात. मिरची मुळात अमेरिका खंडातली. स्पॅनिश जहाजांनी ती स्पेनमध्ये आणली आणि पोर्तुगीजांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर. ला बेराचा धूर आणि कोल्हापूरचा डंख या एकाच पाहुणीच्या दोन घरच्या चाली आहेत.

रांग, ओळख आणि अभ्यास

प्लाथा मायोर हा १७२९ ते १७५५ या काळात बांधलेला सालामांकाचा मुख्य चौक, आणि तेथील घड्याळाखाली भेटायचे ठरवणे हा शहराचा नित्यक्रम आहे. चौकाला लागूनच असलेल्या मंडईत एखाद्या गाळ्यापुढे माणसे विखुरलेली उभी दिसतात आणि रांग मात्र दिसत नाही. प्रत्यक्षात रांग असते, पण ती माणसांच्या ध्यानात असते: नव्याने येणारा ‘किएन एस एल उल्तिमो?’, म्हणजे ‘शेवटचे कोण?’, असे विचारतो, एक जण हात वर करतो, आणि आपला नंबर त्याच्यानंतर एवढे लक्षात ठेवले की खुशाल बाकावर बसता येते. जो विचारत नाही त्याचा नंबर लागत नाही. संकोची विद्यार्थ्याला परक्या माणसांत पहिले वाक्य बोलायला लावणारी ही मोलाची शाळा आहे.

वर्गातील वातावरण मोकळे असते. विद्यार्थी प्राध्यापकांना पहिल्या नावाने आणि एकेरीत संबोधतात, आणि ‘सर’ म्हणण्याची सवय असलेल्या मुलाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. मूल्यमापन दहापैकी होते, पाच गुणांना उत्तीर्ण आणि नऊपासून पुढे उत्कृष्ट मानतात. वर्षाचा अभ्यास साठ श्रेयांकांत विभागलेला असतो, आणि एक श्रेयांक म्हणजे पंचवीस ते तीस तासांचे काम, ज्यात घरी केलेला अभ्यासही धरतात. विद्यापीठाच्या कोरीव दर्शनी भिंतीवर एका कवटीवर बसलेला लहानसा बेडूक आहे, आणि तो कोणाच्या मदतीशिवाय ज्याला सापडतो तो परीक्षेत उत्तीर्ण होतो असा समज पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. जुन्या इमारतींच्या भिंतींवर तांबड्या रंगात ‘बीतोर’ नावाची जयचिन्हेही दिसतात. डॉक्टरेट मिळवणाऱ्यांच्या गौरवार्थ ती रंगवली जात. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, ‘लुनेस दे आग्वास’ या दिवशी, सारे शहर नदीकाठी जमून ओर्नाथो हा मांस आणि अंडी भरलेला पाव खाते, आणि त्या दिवशी कोणी परका उरत नाही.

खानखोजे यांचे ताट

स्पॅनिश भाषक जगात मराठी माणसाने काय करून दाखवले याचे थोर उदाहरण पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे आहे. वर्ध्याचे हे क्रांतिकारक अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत वावरले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. मेक्सिको शहराजवळील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी प्रौढ वयात आत्मसात केलेल्या स्पॅनिशमधून अध्यापन केले, मक्यावर संशोधन केले आणि ज्यांना विद्यालयाची पायरी चढता येत नव्हती अशा शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिबेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या एका भित्तिचित्रात सर्व थरांतील माणसे एका टेबलाभोवती बसली आहेत आणि प्रमुख स्थानी बसून पाव मोडून देणारे गृहस्थ खानखोजे आहेत. २०२२ मध्ये चापिंगोच्या आवारात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. शिकायला परमुलखात गेलेला विद्यार्थी पुढे दुसऱ्यांच्या ताटाची चिंता वाहणारा शिक्षक झाला, हा त्यांच्या आयुष्याचा अर्थ आहे.

परदेशी निघालेल्या कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने म्हणून भाषेच्या प्रमाणपत्राइतकीच तयारी रोजच्या व्यवहाराची करावी: चार पदार्थ रांधता यावेत, कागदपत्रांच्या प्रती क्रमाने लावलेल्या असाव्यात, एकाच देशाच्या मुलांत कोंडून न घेता निरनिराळ्या देशांच्या मुलांबरोबर खोली घ्यावी आणि न कळलेले विचारण्यात कमीपणा मानू नये. त्याच वेळी कोल्हापूरनेही आपल्याकडे येणाऱ्यांचा विचार करायला हवा. शिवाजी विद्यापीठात आणि शहरातील महाविद्यालयांत सीमाभागातून, कोकणातून आणि दूरच्या राज्यांतून मुले-मुली आजही येतात. भाड्याच्या खोल्या आणि मेसचे दर परवडत नाहीत म्हणून त्यांतील कोणी माघारी जाऊ नये ही जबाबदारी शाहू महाराजांच्या नगरीची आहे. गरिबांसाठी काढलेली विद्यार्थिगृहे लक्ष नसले तर सबळांच्या हाती जातात, हे सालामांकाच्या आठशे वर्षांनी दाखवून दिले आहे. बोर्डिंगांच्या जुन्या इमारती जपणे जेवढे अगत्याचे, तेवढेच त्यांतील प्रत्येक खाट खरोखर गरजू मुलाला मिळते की नाही हे दर वर्षी तपासणे अगत्याचे आहे.